नंबर तुमच्या नावावर आहे, भाऊजी

मु. मालेगाव (जहाँगीर), जि. वाशिम
मतमोजणीनंतरचा दुसरा रविवार

तीर्थस्वरूप हिरालाल भाऊजींच्या चरणी धाकटा मेहुणा गोपाल याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तरी साष्टांग कागदावरच घ्यावा).

इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमचा गुडघा काय म्हणतो? जिजाताईची शुगर खाली आली का, की अजून ती चहात गूळ टाकून 'हा काही साखरेत मोजत नाहीत' असंच सांगते? तिनं पाठवलेलं लिंबाचं लोणचं संपलं. (तिला सांगू नका. सांगितलं तर ती आणखी पाठवेल, आणि पाठवलं तर साधना म्हणेल मी मागितलं.) साधना बरी आहे. नवऱ्याशी कमी बोलते, पण बरी आहे.

आता तुम्ही म्हणाल, अकोटला फोन लावायचा सोडून हा माणूस पत्र काहून लिहून राह्यला? भाऊजी, फोन बंद करून मी ज्वारीच्या कोठीत पार तळाशी घातला आहे. आणि त्याच फोनपायी तुम्हाला हा त्रास देतो आहे, कारण तो नंबर माझा नाही, तुमचा आहे. आठवत असेल तुम्हाला. आपण दुकानात सिम घ्यायला गेलो होतो. मशीनवर माझा अंगठा काही केल्या लागेना. खुरपं धरून धरून रेषा झिजल्या म्हणे. दुकानदारानं अंगठा पुसला, फुंकर मारली, शेवटी स्वतःच्या डोक्याचं तेल लावलं, तरी मशीन म्हणे हा माणूसच नाही. मग तुम्ही मोठ्या मनानं तुमचा अंगठा दिलात. तेव्हापासून कोबीचे सगळे अडते माझ्याशी बोलतात ते कायद्यानं पाहिलं तर तुमच्याशी बोलतात. आणि कायद्यानंच पाहायचं झालं, तर या मतदारसंघात तेच आमदार पुन्हा निवडून आले, ते मी नाही, तुम्ही निवडून आणले. रागावू नका. पुढं वाचा.

राज्यभर निवडणुका लागल्या तसा आपल्या इकडंही धुरळा उडाला. आपला देवमन अपक्ष उभा राहिला. (देवमन म्हणजे तोच, तुमच्या लग्नात बुंदीच्या टोपल्यासकट घसरलेला. आता त्याचं मालेगावात बियाण्याचं दुकान आहे आणि पोट आहे.) पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो. त्यानं अर्ज भरला म्हणजे मीच भरला, असं समजून मी माझी पिकअप, माझा आवाज आणि ऐन हंगामातला माझा वेळ त्याला देऊन टाकला. देवमनचा मुद्दा एकच होता आणि तो खरा होता. आमदारसाहेबांनी पाच वर्षांत कोणाचा फोन उचलला नाही. रस्ता, पाणी, विजेची डीपी या सगळ्यांवर भाषणं करणारे पुष्कळ होते, पण देवमन म्हणे, "आपण फक्त फोनवर बोलू. हे लोकायले लागते." लोकांना लागतही होतं. चिन्ह तेवढं वाईट मिळालं. फणस. आपल्या भागात फणस पाहिलाय कोणी? आम्ही थर्माकोलचा करून पिकअपवर बांधला, तर अर्धे लोक म्हणत कारलं आहे आणि अर्धे म्हणत सायाळ.

इतकं असूनही हवा आपली होती, भाऊजी. मग आमदारसाहेबांनी देवमनच्या मुद्द्यावर उतारा काढला. गावोगाव पत्रकं वाटली. वर त्यांचा हसरा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'थेट आमदारांशी बोला', आणि त्याखाली नंबर. छापणाऱ्यानं सातच्या जागी एक छापला. झाला तो तुमचा नंबर.

मला हे कसं कळावं? मी वावरात कोबी काढत होतो. फोन वाजला. अनोळखी नंबर हंगामात उचलावाच लागतो, गिऱ्हाईक कुठून येईल सांगता येत नाही. तिकडून एक माणूस रडवेल्या आवाजात म्हणाला, "सायेब, आमची जळाली ना!"

मला वाटलं, कोबीची रोपं. म्हटलं, "मंग पाणी द्या ना. मुळापाशी द्या, वरून नोका देऊ."

मग तो भीत भीत म्हणाला, "डीपीले?"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी इतके फोन घेतले की कान गरम झाला. मी प्रत्येकाला सांगितलं, बाप्पा, राँग नंबर आहे. तर लोक म्हणत, "पाच वर्षं हेच ऐकून राह्यलो सायेब, आता त निवडणूक हाय." मी म्हटलं मी गोपाल, भाजीवाला. तर एकजण हसून म्हणाला, "सायेब, तुमचा सोभाव लय मजाकी हाय."

दुसऱ्या दिवशी मी सरळ आमदारसाहेबांच्या प्रचार कार्यालयात गेलो. (देवमनची टोपी खिशात घालून.) तिथं कडक इस्त्रीचा एक माणूस बसला होता. त्याला सांगितलं, तुमच्या पत्रकावर नंबर चुकला आहे. त्यानं मान वर न करता सांगितलं, "चुकीची तक्रार असंन त या नंबरवर करा," आणि तेच पत्रक माझ्या हातात ठेवलं. मी पत्रकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या खिशाकडे पाहिलं, आणि नमस्कार करून निघालो.

देवमनला सांगितलं तर तो टेबलावर हात मारून हसला. म्हणे, "देवानं दिलं गड्या! आता एक काम कर. जो फोन येईन त्याले अशा शिव्या दे, अशा शिव्या दे, का आमदाराचं नाव काढलं तरी थुंकला पायजे." मला पटलं. राजकारण आहे, म्हटलं. घरी येऊन मेथीच्या जुड्या बांधता बांधता मनात चार-दोन शिव्या जुळवून ठेवल्या. फोन आला तो किन्हीराजाच्या मनकर्णाबाईंचा. म्हातारी एकटी राहते, लेक हेमसिंग पुण्याला कंपनीत. नळाला पाणी नाही म्हणून तिचा फोन. मी आवाज चढवून म्हटलं, "काय लावलं हो तुमी, येता-जाता फोन?" तर म्हातारी म्हणते, "बोल बाबू, बोल. राग आला त काढून टाक. दिवसभर हिंडून राह्यला असशीन, जेवला काय?"

भाऊजी, त्या दिवशी मी खरंच जेवलो नव्हतो. सांगा, अशा बाईला शिवी कशी द्यायची? मी म्हटलं, पाहतो मावशी नळाचं. आणि पाहतो म्हटल्यावर पाहावं लागलं.

इथं चूक झाली. एक फोन धड उचलला की दुसरा उचलावा लागतो. डीपीचं म्हणाल, तर लाईनमन दौलतसिंग आपल्या आळीतच राहतो आणि वर्षानुवर्षं आपलाच सांभार-कोथिंबीर फुकट नेतो. मी त्याला म्हटलं, यापुढं सांभार पाहिजे तर ती डीपी बदल. दुसऱ्या दिवशी डीपी बदलली. पाच वर्षं आमदाराच्या पत्रांनी हललं नव्हतं ते सांभाराच्या जुडीनं हललं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. साधना म्हणाली, "तुमी कोणाचा प्रचार करून राह्यले, कायी समजते काय?" मी म्हटलं, मी माणुसकी करून राह्यलो. ती म्हणाली, "थे ठीक हाय. पण माणुसकी कोणाच्या खात्यात जमा होऊन राह्यली, थे पाहा."

ते पाहायला मिळालं किन्हीराजाच्या सभेत. देवमन रंगात आला होता. मी स्टेजवर त्याच्यामागं थर्माकोलचा फणस धरून उभा. देवमन गरजला, "पाच वर्षांत या माणसानं कोणाचा एक तरी फोन उचलला काय? ज्याचा उचलला त्यानं हात वर करा!" आणि थांबला. टाळ्यांसाठी थांबायची ती जागा होती. तर मागच्या बाजूनं एक हात वर आला. मग दुसरा. मग बायकांच्या बाजूनं पाच-सहा. एक पागोटेवाले बुढेबुवा उठून उभेच राहिले आणि म्हणाले, "माह्या त तीनदा उचलला. बोलणं लय गोड हाय बाप्पा त्या माणसाचं. डीपी बी बदलून देल्ली." देवमननं माइकवर हात ठेवला आणि वळून माझ्याकडं पाहिलं. मी फणस तोंडासमोर धरला.

त्या रात्री त्यानं मला शपथ घातली, आता एकही फोन उचलायचा नाही. मी शपथ घेतली. आणि पाळलीही, भाऊजी, प्रचार संपायच्या दिवसापर्यंत पाळली.

त्या दिवशी दुपारी मालेगावात देवमनची शेवटची सभा होती. माइक, भोंगे, बॅटरी, सगळं माझ्या पिकअपमध्ये. मी सभेकडं निघालो होतो. फोन वाजला, मी उचलला नाही. पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. सातत्यानं वाजणाऱ्या फोनचा आवाज वेगळाच येतो हो. मी गाडी कडेला घेतली आणि उचलला. एक पोरगा होता, रवी नावाचा, किन्हीराजाच्या पलीकडं वावरातच घर करून राहणारा. त्याच्या बायकोच्या, रूपालीच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या, अँब्युलन्स दुसरीकडं गेलेली, गावातल्या झाडून साऱ्या गाड्या प्रचारात. तो 'सायेब' म्हणालाच नाही. "कोणी बी असा, पण गाडी पाठवा," एवढंच म्हणाला.

मी गाडी वळवली. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, आणि केला असता तरी मी तेच केलं असतं. भोंगे एका बाजूला सरकवून कोबीची रिकामी पोती पसरली, त्यावर रवीच्या आईनं गोधडी टाकली, रूपालीला निजवलं. सोयाबीनच्या वावरांमधल्या त्या रस्त्यानं मी गाडी अशी चालवली की जणू काचेचं सामान आहे. रूपाली ओरडली की रवी रडे, रवी रडला की त्याची आई त्याला शिव्या दे, आणि वर फणस गदगदा हले. ग्रामीण रुग्णालयाच्या दारात पोहोचलो. आत नेल्यावर थोड्याच वेळात नर्स बाहेर आली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. मला तिथल्या बाकावर बसून रडू आलं, ते का आलं मला माहीत नाही. माझा आणि त्या पोरीचा काय संबंध?

मी रवीला सांगितलं, बाबा, मी आमदाराचा माणूस नाही. मी देवमनचा माणूस. हे पाहा गाडीवर लिहिलंय, हा फणस पाहा. तर त्यानं माझे पाय धरले आणि त्याची आई दवाखान्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाहा व माय! इरोधकाची गाडी असून सायेबाच्या एका फोनवर धावत आली. केवढं वजन असंन त्या माणसाचं!"

आणि तिकडं देवमननं शेवटची सभा बिनमाइकची घेतली. पहिल्या तीन रांगांच्या मागं कोणाला काही ऐकू गेलं नाही. मागचे लोक उठून आमदारांच्या सभेला गेले.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. साहेब निवडून आले. थोडक्यात आले, पण आले. आणि जिथून जिथून मला फोन येत, त्या गावांच्या पेट्यांनीच आणले. विजयाच्या भाषणात म्हणाले, "मी जनतेचा एकेक फोन स्वतः उचलला!" मी गर्दीत उभा होतो. भाऊजी, मला वाटलं आपण ओरडावं. पण कोणाला सांगायचं? मिरवणूक नेमकी आपल्या मळ्याच्या कडेनं गेली. गुलाल उडवायची मशीन होती, ती नेमकी तिथं येऊन अडकली आणि अडकली ती चालू अवस्थेत. काढायला आलेली अख्खी कोबी गुलाबी झाली. अडत्या म्हणतो, असा माल मी हर्रासात ठेवला तर लोक विचारतील हा कोणत्या पक्षाचा.

कोबीचं जाऊ द्या. देवमन निकालाच्या दुसऱ्या दिवशी घरी आला. बसला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "तू थो फोन उचलला नसता त आज मी आमदार असतो."

मी म्हटलं, "अन् रूपालीचं काय झालं असतं?"

तो खाली पाहत उभा राहिला, मग गेला. तेव्हापासून त्याच्या दुकानासमोरून जातो तर तो आत वळून बियाण्याच्या थैल्या मोजतो. त्याचे कार्यकर्ते मला फितूर म्हणतात. चाळीस वर्षांचा मैतर, भाऊजी. आणि हे कमी म्हणून फोन सुरूच. निवडणूक संपली तरी पत्रकं लोकांच्या भिंतींवर आहेतच. म्हणून तो कोठीत घातला.

तेव्हा हात जोडून विनंती की, आधार कार्ड घेऊन एक दिवस मालेगावला या आणि तुमच्या नावावरचा हा नंबर कायमचा बंद करून टाका. मला फोनच नको. माझ्या वडलांनी बिनफोनची भाजी विकलीच ना? ताईला नमस्कार. लेकरांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा, एस.टी.तून उतरताना हळू उतरा.

तुमचा कंटाळलेला मेहुणा,
गोपाल

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून जास्तीचं लिहितो. साधनानं ज्वारी काढताना फोन काढला आणि सुरू केला. म्हणे, मनकर्णाबाई वाट पाहत असतील. काल आमदारसाहेबांचा तोच कडक इस्त्रीवाला शाल-नारळ घेऊन आला. त्यांना सगळं कळलं आहे. म्हणे, नंबर साहेबांच्या नावावर करून द्या, लोकांना पाठ झाला आहे. मी विचारलं, साहेब उचलतील का? तो म्हणाला, "सायेब कायले उचलतीन? सायेबाच्या आवाजात टेप भरून ठेवू ना." शाल चांगली आहे. थंडीचे दिवस आहेत म्हणून ठेवून घेतली. नंबर दिला नाही.

ता. क. दुसरा. आज सकाळी देवमन आला. या वेळी बसला. साधनानं चहा दिला, तो त्यानं बशीत ओतून प्यायला, पहिल्यासारखा. मग तो घसा खाकरून म्हणाला, "गोपाल, पुढच्या खेपेले थो नंबर मले देशीन काय?" मी म्हटलं, उचलशील का? त्यानं रिकामी बशी कपाखाली सरकवली. मग म्हणाला, "खरं सांगू का? रोज नाई होणार गड्या." खरं बोलला म्हणून मला तो पुन्हा आवडला. जाताना दोन गुलाबी कोबी घेऊन गेला. म्हणे, धुतल्या की चालतात.

ता. क. शेवटचा, आणि मुख्य. भाऊजी, नंबर बंद करू नका. पण या मात्र नक्की. तो साधनाच्या नावावर करून द्या. माझा अंगठा अजूनही लागत नाही, तिचा पहिल्या झटक्यात लागतो. फोन हल्ली तीच घेते. परवा ग्रामसेवकाला अशी बोलली की किन्हीराजाच्या नळाला पाणी आलं. आता झेडपीच्या निवडणुका लागणार म्हणतात, आणि आपलं सर्कल बाईसाठी राखीव सुटेल असं देवमन सांगून गेला. मी रात्री जेवताना म्हटलं, साधना, तू उभी राहा, सगळा भाग तुला ओळखतो, डोळे मिटून निवडून येशील. तिनं माझ्या ताटात भाकर वाढली आणि म्हणाली, "मी नाई उभी राहत. निवडून आली, त मंग लोकायचे फोन कोण उचलीन?"